सात विर्तू आणि एक उभी मिरवणूक

पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. आमच्या विर्तूंना मिनेस्त्रोने म्हणायचं नाही. मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचं सूप. ते कुणीही, कधीही, घरात काय पडलंय ते बघून पातेल्यात ढकलतो आणि आजारी माणसाला प्यायला देतो. विर्तू वर्षातून एकदाच होतात, एक मे रोजी. विर्तू म्हणजे सद्गुण. सद्गुण सात, म्हणून सरत्या हिवाळ्यातली कडधान्यं सात, नव्या कोवळ्या भाज्या सात, डुकराचे भाग सात आणि डब्यांच्या तळाशी उरलेल्या पास्त्याचे प्रकारही सात. प्रत्येक गोष्ट वेगळी शिजवायची आणि शेवटी एका हंड्यात सगळ्यांची गाठ घालून द्यायची. शिवाय विर्तूंबद्दल नेहमी अनेकवचनात बोलायचं. 'विर्तू कशा झाल्यात?' असं विचारायचं. 'कशी झालीय?' असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा, बहुधा समुद्राकडचा.

आमच्या घरात या विर्तूंची दरवर्षी परीक्षा होते आणि परीक्षक एकच, आमचे बाबा. त्यांचं नाव झोपितो, वय एक्याण्णव. पहिला चमचा त्यांचा. आम्ही बावीस माणसं हातातले चमचे तसेच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. बाबा डोळे मिटतात, गिळतात आणि एकच शब्द बोलतात. 'विर्तू' म्हणाले की जेवण सुरू. आई होती तोवर मी हाच शब्द ऐकला. आई गेल्यावर माझी मोठी बहीण योलांदाताई करायला लागली, तेव्हाही नऊ वर्षं हाच शब्द ऐकला. दुसरा शब्द माझ्या आठवणीत त्यांनी एकदाच उच्चारला. आई इस्पितळात होती म्हणून त्या वर्षी तिच्या चुलतबहिणीनं विर्तू केल्या होत्या. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मिनेस्त्रोने." दोन महिन्यांत त्या मावशी बिऱ्हाड हलवून समुद्राकडे, पेस्काराला गेल्या. नवऱ्याची बदली झाली असं त्या सांगत, पण आम्ही काही दूधखुळे नाही.

तर यंदा मार्चमध्ये योलांदाताई चर्चच्या पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लॅस्टर जूनपर्यंत. एप्रिलच्या मध्यावर तिचा फोन आला. यंदा विर्तू नाहीत, तिनं जाहीर केलं. एक तारखेला दुपारी दोन वाजता उपाहारगृहात बावीस जणांचं टेबल सांगून ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर आता दरवर्षी तसंच करावं, कारण तिचंही वय झालं आणि तीन दिवस उभं राहून पाठीचा खुळखुळा होतो.

मी विचारलं, "आणि आईच्या हंड्याचं काय?"

"त्यात हायड्रेंजिया लावणार. झाड आणलंसुद्धा."

आईचा हंडा तांब्याचा आहे. आतून कल्हई, दोन्ही बाजूंना कड्या. तो ज्या घरात, त्या घरी एक मेला सगळे जमतात, असा आमच्याकडचा कायदाच समजा. त्या हंड्यात फुलझाड लावायचं म्हणजे बावीस माणसांनी पुढच्या वर्षापासून उपाहारगृहात छापील कागद बघून ज्याला जे हवं ते मागवायचं. कुणी मासे, कुणी पिझ्झा. मग कशाला जमायचं? आपापल्या घरीच बसावं की. विचार पुरा व्हायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करतो."

मग ताई हसली. मोठ्यानं हसली असती तर चाललं असतं. ती हळू हसली, लहान मुलानं 'मी विमान चालवणार' म्हटल्यावर हसतात तशी. मग तिनं अट घातली. हंडा घेऊन जा. एक तारखेला एक वाजता आम्ही सगळे येतो, बाबा पहिला चमचा घेतील. विर्तू म्हणाले तर हंडा तुझा आणि एक मेसुद्धा तुझ्याच घरी. मिनेस्त्रोने म्हणाले तर दोन वाजता उपाहारगृहात, आणि पुढच्या वर्षापासून तिथंच.

मी होकार दिला. फोन ठेवला आणि बायकोला, एर्सीलियाला, ही बातमी दिली. ती इस्त्री करत होती. तिनं इस्त्री बंद केली, वायर गुंडाळली, मग माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकघरात काय काय केलं, याची तिला पूर्ण यादी पाठ आहे, कारण ती एका अंड्याची आहे.

पण एक गोष्ट लोक विसरतात. मी जमीन नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली आहेत. अर्ध्या जिल्ह्याच्या हद्दी माझ्या अक्षरात आहेत. ज्या माणसानं सात भावांच्या वाटणीचं शेत कुणाचंही डोकं न फुटता कागदावर मांडलं, त्याला सात कडधान्यं जड जातील? मी एक फाइल उघडली. भाग पहिला, कडधान्यं: चणे, मसूर, राजमा, पांढरा घेवडा, सुकवलेले वाटाणे, सुकवलेली बाकला आणि चौकोनी दाण्यांची ती जुनी चिकेर्किया. भाग दुसरा, भाज्या. भाग तिसरा, डुकराचे कान, नाक, पाय, शेपूट, जीभ, कातडी आणि हॅमचं हाड. भाग चौथा, पास्ता. शेवटी परिशिष्ट, त्यात मिरी, जायफळ आणि पुदिना. एर्सीलियानं फाइल चाळली आणि विचारलं, यात मीठ कुठे आहे. मीठ खरंच नव्हतं. मी ते हातानं लिहून बाजूला सही केली.

एकोणतीस तारखेला कडधान्यं भिजवायची ठरली. सात कडधान्यं, सात भांडी. घरात मोठी भांडी सहा निघाली. सातवं म्हणून मी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा टब आणला. त्यात एर्सीलिया हिवाळ्यात पाय शेकत बसते. टब स्वच्छ होता आणि विकत आणल्यापासून फार तर तीनदा वापरला होता, हे मी शांतपणे समजावून सांगत होतो. पण ती चण्यांकडे बघून जे बोलली, ते बाबांच्या कानावर गेलं असतं तर परीक्षा तिथंच संपली असती. मग मी वरच्या मजल्यावर क्विंतीलियाकाकूंकडे पातेलं मागायला गेलो. आयुष्यातली मोठी चूक ती हीच.

क्विंतीलियाकाकू म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या विधवा बाई, तब्येत ठणठणीत. पातेलं त्यांनी दिलं, पण पातेल्यामागोमाग स्वतःही आल्या. आपलं भांडं कुठल्या संगतीला चाललंय हे बघायला नको का, म्हणाल्या. फाइल बघून त्यांनी नाक मुरडलं. मसूर भिजवत नाहीत. बाकला सोलून घेतात. पुदिना मळ्यातला चालत नाही, बांधावरचा रानपुदिना लागतो, तोही सकाळी खुडलेला. आणि गाजर? गाजराला त्या भाजी मानत नसत. त्यांच्या सासरी गाजर रंगासाठी घालत, मोजत नसत. मग माझ्या सात भाज्या सहाच झाल्या. मी एक आर्टिचोक वाढवला. काकू म्हणाल्या, आर्टिचोक तर आधीच धरलाय. मी पालक वाढवला. पालक आणि यादीतला चार्ड ही एकच पालेभाजी, काकू म्हणाल्या. शेवटी बडीशेपेच्या पाल्यावर आमचा तह झाला. तो भाजी की मसाला यावर निकाल राखून ठेवला.

यापुढे काकू दर तासाला पातेलं बघायला येऊ लागल्या. येताना एक सल्ला आणत आणि जाताना माझा आत्मविश्वास घेऊन जात. त्यांनी एर्सीलियाला सांगितलं की पुरुषाच्या हातच्या विर्तू त्यांनी एकदाच खाल्ल्यात, आणि तो मनुष्य पाद्री होता म्हणून कुणी काही बोललं नाही. हे मी शेजारच्या खोलीत ऐकलं. ऐकू यावं अशाच आवाजात म्हटलेलं होतं.

पण खरी अडचण या सगळ्याच्या आधीच येऊन गेली होती. हंडा घरी आणला त्याच दिवशी तो आमच्या शेगडीवर चढवून बघितला. चढला, पण वरची धूर ओढायची चिमणी आडवी आली. हंडा शेगडीवर ठेवला की डाव घालायला जागा नाही, आणि डाव घातला की हंडा शेगडीवर नाही. ताई तळघरातल्या चुलीवर करायची. आमच्या इमारतीला तळघर नाही. समोर फरसबंदी अंगण मात्र आहे. तिथं विटा मांडून चूल करावी, असा सरळ विचार मी केला.

पण ते अंगण इमारतीचं नाही, नगरपालिकेचं आहे. हे दुसऱ्या कुणाला ठाऊकही नव्हतं. सगळी इमारत त्यावर साठ वर्षं कपडे वाळवत आली. बारा वर्षांपूर्वी एका चोख कर्मचाऱ्यानं जुने नकाशे तपासले आणि ते अंगण सार्वजनिक असल्याची नोंद केली. तो चोख कर्मचारी मीच. तेव्हा त्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. आता आपल्याच हातानं आपल्या पायावर मारलेला तो धोंडा मी बारा वर्षांनी उचलून बघत होतो. दुसरा कुणी गुपचूप चूल पेटवून मोकळा झाला असता. मला ते जमणार नव्हतं. नोंद माझ्याच अक्षरात होती.

म्हणून चोवीस तारखेला मी नगरपालिकेत गेलो. खिडकीत सिल्वेरियो होता. सज्जन माणूस, आमच्याच गावचा. सार्वजनिक जागेत अन्न शिजवण्याचा अर्ज संगणकात असतो आणि तो संगणक वरून येतो. वरून म्हणजे कुठून, हे सिल्वेरियोलाही ठाऊक नाही. त्यानं नाव, पत्ता, चुलीचं इंधन भरलं आणि पदार्थाच्या रकान्याशी येऊन थांबला. तिथं यादी होती. भाजलेलं मांस. तळलेले मासे. गोड पदार्थ. आणि 'मिनेस्त्रोने व तत्सम सूप'.

आम्ही दोघं बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो. मागे रांग होती, पण पडद्यावर काय आहे ते कळल्यावर रांगही पुढे सरकून तीच ओळ वाचू लागली.

सिल्वेरियो हळूच म्हणाला, "बेरार्दोसाहेब, मी हे दाबू शकत नाही. माझी आई अजून जिवंत आहे."

मला तर ते मान्य होणंच शक्य नव्हतं. म्हणजे माझ्या विर्तूंना बाबांच्या आधी सरकारनंच मिनेस्त्रोने ठरवायचं, आणि त्यावर सही माझी! 'इतर' असा एक पर्याय होता. पण तो दाबला की अर्ज आरोग्य खात्याकडे जातो आणि नव्वद दिवसांनी परत येतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यानंतर मी तीनदा गेलो. एर्सीलिया म्हणाली, अरे दाब ना काय असेल ते, कोण बघतंय? मी म्हणालो, मी बघतोय. त्यावर ती म्हणाली की तू आणि तुझे बाबा एकाच मुशीतले आहात. मला लागावं म्हणून ती ते म्हणाली होती. मला उलट धीर आला.

शेवटच्या फेरीत सिल्वेरियोनं सगळ्या परवानग्यांची यादी वरपासून खालपर्यंत उघडली. सर्कस. चित्रीकरण. रक्तदान. आणि त्याखाली धार्मिक मिरवणूक. मिरवणुकीला आरोग्य खातं लागत नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी एकतीस वर्षांत एक खोटी नोंद केलेली नाही, तेव्हा तुम्हीच तपासून घ्या. मिरवणुकीचा विषय: सात सद्गुण. खरं आहे. मार्ग: माझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत. खरं आहे. प्रकार: स्थिर. बँड: नाही. मूर्ती आहे का, असल्यास कशाची? सिल्वेरियोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तांब्याची. खट्कन शिक्का बसला.

एक तारखेला सकाळी सात वाजता मी चूल पेटवली आणि मान वर केली तर गल्लीच्या दोन्ही टोकांना पालिकेचे अडसर लावलेले. नगर पोलीस ओत्तावियो पांढरे हातमोजे घालून उभा. आदल्या संध्याकाळी पालिकेनं आपण होऊन भिंतीवर छापील सूचनाही डकवल्या होत्या: 'एक मे, सकाळी सात ते दुपारी दोन, सात विर्तूंची मिरवणूक. नागरिकांनी सहकार्य करावे.'

ओत्तावियोनं मिरवणूक कुठे आहे असं विचारलं. मी हंड्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ही हलत नाही. मी कागद दाखवला. त्यानं 'स्थिर' हा शब्द दोनदा वाचला, हंड्याला बोटानं टिचकी मारून तांबं असल्याची खात्री करून घेतली आणि निमूटपणे त्याच्या शेजारी उभा राहिला. सरकारी कागद खरा असला की आमच्याकडे माणूस फार फाटे फोडत नाही.

तोवर माझं काम रेषेवर चाललं होतं. कडधान्यं वेगवेगळी शिजून तयार, मांस शिजून बारीक चिरलेलं, भाज्या निथळत ठेवलेल्या. नऊ वाजता सगळं हंड्यात गेलं. वास सुटला. काकूसुद्धा वाकून बघून काही न बोलता गेल्या. आपल्याला हे जमतंय, असं मला त्या दिवसात पहिल्यांदाच वाटलं. ते सुख साडेनऊपर्यंत टिकलं.

साडेनऊला बेकरीवाल्याची सासू हातात झाकणाचं भांडं घेऊन आली. तिच्यामागे चांभार. त्याच्यामागे दोघी बहिणी, एकच कढई दोघींनी धरलेली. 'सहकार्य करावे' याचा अर्थ गावानं आपल्या परीनं लावला होता. भिंतीवर छापून विर्तू होतायत म्हणजे वाटायलाच होतायत, नाहीतर पालिका कशाला छापेल? आणि आता अर्ध्या गावात कुणी घरी करत नाही. दहा वाजेपर्यंत अडसरापर्यंत रांग गेली. ओत्तावियोला अखेर करायला काम मिळालं. तो रांग सरळ करू लागला.

एर्सीलिया माझ्या कानाशी येऊन म्हणाली, नाही म्हण. आपली बावीस माणसं एक वाजता येतायत.

पण ते शक्य नव्हतं. आईचा नियम होता की एक मेला दारात आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. त्या दिवशी ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्या घरीसुद्धा आई डबा पाठवायची. हंडा तिचा, डाव तिचा. मी काय तोंडानं नाही म्हणू? मी प्रत्येक भांड्यात एक डाव घातला. मोजणं चाळिसाव्या भांड्याला सोडलं. अकरा वाजता हंड्यात डाव टाकला की तळ खरवडल्याचा आवाज यायला लागला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं मी ओत्तावियोला सांगितलं, त्यानं ते लिहून घेतलं नाही एवढंच.

तेव्हा क्विंतीलियाकाकू खुर्चीवर चढल्या. ब्याऐंशीव्या वर्षी, कुणाचा हात न धरता. त्यांनी रांगेला खडसावून विचारलं की लाज वाटते का, रिकामं भांडं घेऊन उभे राहिलात ते. विर्तू कशाच्या करतात? घरात उरलेल्या मूठमूठभर जिनसांच्या. मग प्रत्येकानं घरी जाऊन शिजवलेलं जे काही उरलं असेल ते आणायचं, नाहीतर पास्त्याच्या डब्याचा तळ. नाहीतर रांगेतून बाहेर.

पाऊण तासात माझ्या अंगणात काय काय आलं ते मी फाइलमध्ये लिहायला घेतलं होतं, दुसऱ्या पानावर सोडून दिलं. चांभारानं आदल्या दिवशीचा घेवडा आणला. बहिणींनी आर्टिचोक आणले आणि त्यावरून तिथंच भांडल्या. पाद्रीबोवांनी उकडलेली जीभ आणली, मिरवणूक आपल्याला न विचारता कशी निघाली हे विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोन वाट्या घेऊन गेले. पास्त्याचे आकार सातावरून चौदावर गेले. बेकरीवाल्याच्या सासूनं नातवंडांचे चांदण्यांच्या आकाराचे पास्ते ओतले. मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत चांदण्या बुडाल्या होत्या. माझी सात-सातांची सगळी व्यवस्था पार कोलमडली. एकतीस वर्षं हद्दी आखलेला माणूस मी, आणि माझ्या हंड्यात कुणाचं काय कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं हे सांगणं अशक्य झालं होतं. पण हंडा पुन्हा काठोकाठ भरला. मी शर्टाच्या बाह्या आणखी वर सारल्या, कंबर कसली आणि ढवळायला लागलो. साडेबाराला मी परिशिष्टातला पुदिना घातला. पाचच मिनिटांपूर्वी एर्सीलियानंही तो घातला होता, हे आम्हाला नंतर समजलं.

एक वाजता आमची मंडळी आली. ताई बाबांना डाव्या हातानं धरून पुढे. तिनं हंड्यात डोकावलं आणि म्हणाली, यात चांदण्या आहेत. एवढंच म्हणाली. काकूंच्या, आमच्या आणि आणखी दोन घरांच्या टेबलांची रांग लावली होती. बाबा मध्यभागी बसले. रुमाल गळ्यात अडकवला. मी ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. अडसराजवळ गाव उभं होतं. ओत्तावियो सावधान उभा.

बाबांनी चमचा घेतला. डोळे मिटले. गिळलं. या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"मिनेस्त्रोने."

कुणी काही बोललं नाही. ओत्तावियोनं टोपी काढली. मला आधी काहीच वाटलं नाही. मग मी आईच्या हंड्याकडे बघितलं, त्यात मला हायड्रेंजिया दिसायला लागला, आणि मी तिथंच चुलीतून उरलेल्या विटांवर बसलो. हरलो होतो. तीन दिवस, एक फाइल, एक मिरवणूक, सगळं गाव, आणि शेवटी तोच शब्द. माझे भाचे हळूच घड्याळं बघायला लागले. उपाहारगृह पायी दहा मिनिटांवर आहे.

ताईनं मात्र पर्स उचलली नाही. ती माझ्यासाठी वाढलेल्या ताटासमोर बसली, डाव्या हातानं चमचा धरला आणि खाल्लं. अर्धं सांडलं, अर्धं खाल्लं. पुन्हा खाल्लं. मग चमचा खाली ठेवून बाबांकडे वळली.

"बाबा, लग्नानंतर पहिल्या मेला आईनं विर्तू केल्या. तेव्हा काय म्हणाला होतात?"

बाबा खात होते. न थांबता म्हणाले, "हेच."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"हेच."

"मला पाचवं लागलं होतं त्या वर्षीचं आठवतं," ताई म्हणाली. "आईनं डाव भिंतीवर मारला होता. तेव्हा?"

"ते सातवं. तेव्हाही हेच." बाबांनी ब्रेडचा तुकडा मोडला. "सात वर्षं. आठव्या वर्षी जमल्या तिला. त्याच वर्षी हा जन्माला आला," आणि त्यांनी चमच्यानं माझ्याकडे खूण केली.

माझ्या आयुष्यातले सगळे मे त्या आठव्या वर्षानंतरचे. मला वाटायचं आईला पहिल्यापासूनच येत होतं. आईला येत नव्हतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. मी विटांवर बसून रडलो, आणि या वेळी कुणालाही धुराचं कारण सांगितलं नाही.

बाबा तोवर मनाशी काहीतरी हिशेब करत होते. बोटांवर मोजून झालं, मग सुस्कारा टाकला.

"याला अजून सात वर्षं लागणार म्हणजे. मला अठ्ठ्याण्णवपर्यंत थांबावं लागणार." त्यांनी रिकामं ताट माझ्यापुढे धरलं. "थांबतो. पुढच्या वर्षी पुदिना कमी घाल. वाढ."

मी उठलो आणि वाढलं. मग बावीस चमचे एकदम वाजायला लागले. ताईनं उपाहारगृहाला फोन करून टेबल नको म्हणून सांगितलं. तिकडच्या माणसानं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, घरी मिनेस्त्रोने आहे. पुढे बहुधा त्यानं विचारलं असणार की एक मेला मिनेस्त्रोने कोण खातं. त्यावर ताईनं त्याला जे सुनावलं, ते ऐकून ओत्तावियोनंसुद्धा टोपी परत घातली. दोन वाजता अडसर निघाले. मिरवणूक शांततेत पार पडली, असा शेरा त्यानं मारल्याचं मला नंतर सिल्वेरियोनं दाखवलं.

हंडा आता आमच्या माळ्यावर आहे. ताईचा हायड्रेंजिया प्लॅस्टिकच्या बादलीत आहे आणि बरा फुललाय. क्विंतीलियाकाकूंचं पातेलं मी धुऊन परत केलं, पण त्या अजूनही ते बघायला येतात. बाबा रोज सकाळी चर्चपर्यंत चालत जाऊन येतात, पूर्वी जात नसत. डॉक्टरांनी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, मुलाची परीक्षा संपायची आहे. पास्त्याच्या प्रत्येक डब्यातून मूठभर बाजूला काढायला मी जूनपासूनच सुरुवात केलीय. चांदण्यासुद्धा ठेवल्यात.